चाळीस सेकंद मागे

माळावर टिटवी कोकलली, लगोलग तितराने तीनदा हाक दिली, आणि डॉक्टर तारीख सोळंके पदर खोचून पळत सुटली.

खरं म्हणजे तिला पळायचं काडीचंही कारण नव्हतं. ती भावाच्या मुलीच्या बारशाला आली होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे तीच. पुण्याच्या संशोधन संस्थेत तिला स्वतःची खोली होती, गळ्यात सरकारी ओळखपत्र होतं, मंत्रालयातले सचिव तिला फोन करून शंका विचारत. पण तितराची हाक कानावर पडली आणि ती पाळण्यावरून उठली, चपला तिथेच टाकल्या आणि बाभळीच्या कुंपणातल्या फटीतून तुरीच्या वावरात घुसली. तिच्या शेजारून तिची माय पळत होती. मायचं वय पासष्ट, दोन्ही गुडघे गेलेले. पण पळायला लागली की तिला गुडघ्यांची आठवण राहत नसे. तितराची हाक तिनेच दिली होती.

लालखेडच्या पारधी बेड्यावरची ही जुनी रीत. बेडा म्हणजे वस्ती, सतरा घरांची, वाशीमकडच्या गवताळ माळाच्या कडेला. पोलिसांच्या जीपा आता विजेवर चालतात, हूं का चूं करत नाहीत. पण टिटवीला कोण फसवणार? ती ओरडली की माय तितराचा आवाज काढते आणि बेडा रिकामा होतो. तालुक्यात कुठेही चोरी झाली की जीप पहिली इथे येते, हे तारीखच्या आज्याच्या काळापासून चालत आलेलं. कोणी काही केलेलं असो वा नसो, हाती लागला तो गेला.

नावांचीही इथे एक रीत आहे. मूल जन्मलं त्या सुमाराला जे घडलं असेल, तेच त्याचं नाव. तारीख जन्मली ती बापाच्या खटल्याच्या तारखेला, कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली. भाऊ जन्मला त्या दिवशी जंगलखात्याच्या रेंजरने बापाचे तितरं धरायचे फासे उचलून नेले, म्हणून भाऊ झाला रेंजर. मोठा झाल्यावर हा रेंजर जंगलखात्याच्याच कामाला लागला, माळावरचे तणमोर पक्षी मोजायला. त्यावरून बेड्यात अजून हसतात.

तुरीच्या दोन ओळींमध्ये तारीख पालथी पडली होती. तोंडात माती गेली होती. समोर येऊन दोन बूट थांबले.

"उठा म्याडम," वरून आवाज आला. "तुम्ही काहून पळाल्या?"

हवालदार लव्हाळे होते. सत्तावीस वर्षं नोकरी झालेला, पोट सुटलेला, मनाने बरा माणूस. तारीख त्यांना चांगली ओळखत होती, कारण तिच्या यंत्राच्या चाचणीसाठी तालुक्यातून निवडलेल्या बारा पोलिसांपैकी ते एक होते. तिने मान वर करून पाहिलं. त्यांच्या छातीवर काडेपेटीएवढा काळा डबा होता. त्यावर हिरवा दिवा लागलेला होता.

सहा वर्षं खपून तिने ते यंत्र बनवलं होतं, आणि ते तिलाच पकडा म्हणत होतं.

यंत्राचं नाव निकष. कल्पना साधी होती आणि म्हणूनच तारीखला तिचं वेड लागलं होतं. पोलीस कोणाला अडवतो ते चेहरा, कपडे, आडनाव, बोलण्याची ढब पाहून. आणि त्याला वाटत असतं की आपल्याला अनुभवी नजर आहे. मग ते सगळं पुसूनच टाकलं तर? निकषचा कॅमेरा समोरच्या माणसाचं चित्र घेई आणि त्यातून रंग, कपडे, दागिने, तोंडवळा काढून टाकी. उरे ती मातीची बाहुली, फक्त हालचाल करणारी. मग यंत्र त्याच हालचाली शंभर वेगवेगळ्या शरीरांवर चढवून पाही: म्हातारा, तरुणी, शहरी, खेडवळ. शंभर वेळा एकच उत्तर आलं तरच ते ग्राह्य. पूर्वीच्या नव्वद हजार प्रसंगांवरून ते ठरवी की एवढ्या वागणुकीवरून अडवणं योग्य की नाही. योग्य असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. लाल असताना कोणाला अडवलं, तर त्या पोलिसाला लेखी जाब द्यावा लागे.

आणि ते चालत होतं! एक्केचाळीस दिवसांत तालुक्याच्या बाजारात, नाक्यावर, बसथांब्यावर विनाकारण अडवलं जाणं निम्म्यावर आलं होतं. येत्या शुक्रवारी नागपुरात राज्याच्या समितीसमोर शेवटचं सादरीकरण होतं. समितीने होकार दिला की एक तारखेपासून राज्यातल्या प्रत्येक पोलिसाच्या छातीवर निकष बसणार होता, आणि त्याचा हिरवा दिवा कोर्टातही पुरेसं कारण मानला जाणार होता.

"तुमच्यासाठी नाही आलतो म्याडम," लव्हाळे ओशाळून म्हणाले. "काल सांजच्याला चार वाजता देवठाण्याच्या शिवारातून सोलर पंपाचे कंट्रोलर गेले. नुसतं पाहाले आलतो इकडं. तुम्ही सारे पळाले. मशीननं हिरवा देल्ला."

"मलाही?"

"तुम्हालेबी." त्यांनी तिच्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि हात पुढे करून तिला उठवलं. "तुम्ही जा घरी. पण रेंजरच्या पिशवीत ब्याट्र्या अन् वायरी सापडल्या. त्याले न्यावं लागते."

"त्या पक्ष्यांचे आवाज टिपायच्या पेट्यांच्या बॅटऱ्या आहेत, काका! तुम्हाला माहीत आहे."

"मले माहीत हाय. पण मी जात पाहून धरून राहिलो का? तुमचीच मशीन सांगून राहिली." यात टोमणा नव्हता. ते मनापासून बोलत होते.

जीप आवाज न करता गेली. रेंजर मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्याची बायको यात्रा बाळाला छातीशी धरून कुंपणाशी उभी होती. बाळाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.

माय साडीची माती झटकत परत आली. ती ओरडली नाही, रडली नाही. लेकीच्या समोर उभी राहून एवढंच म्हणाली, "पयले म्हणता तरी येत होतं, का जात पाहून धरलं. आता तुह्या डब्यानं थेबी तोंड बंद केलं."

तारीखला वाटलं, कोणीतरी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

दुपारी भावाच्या पत्र्याच्या खोलीत बसून तिने लॅपटॉप उघडला. चाचणीच्या सगळ्या नोंदी पाहायचा तिला अधिकार होता. तिने स्वतःचीच नोंद काढली. मातीची एक बाहुली उठते, पळते, वाकून कुंपणातून जाते. अकरा सेकंद. खाली यंत्राचा निवाडा: प्रश्न विचारण्याआधी पलायन, अडवणं योग्य. तिने पुन्हा पाहिलं. एखाद्या अनोळखी माणसाची नोंद असती तर तिनेही मान डोलावली असती. बाई पळतेय म्हणजे काहीतरी केलं असणारच!

मग तिची नजर कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली, आणि हातातला चहा तसाच राहिला.

घड्याळ शून्यापासून सुरू होत होतं ते ती उठली तेव्हा. त्याच्या आधीचं काहीच नव्हतं. का नव्हतं? कारण तीन वर्षांपूर्वी तिनेच तसं ठरवलं होतं. पोलिसाची नजर माणसावर स्थिरावली की घड्याळ सुरू, त्याआधीचं चित्र कापून टाकायचं. कारण आधीच्या चित्रात वस्ती दिसते, झोपड्या दिसतात, देवळाचे झेंडे दिसतात, आणि वस्ती दिसली की जात दिसतेच. मोठ्या हुशारीने तिने ते कापलं होतं. शाबासकीही मिळाली होती. पण वस्तीबरोबर जीपही कापली गेली होती. माणूस पळाला एवढं यंत्राला दिसत होतं. तो कशामुळे पळाला ते बघायला यंत्राला डोळेच ठेवले नव्हते.

"वहिनी!" ती ओरडलीच. "रेंजरच्या पेट्यांतला आवाज कुठे असतो?"

माळावर रेंजरच्या अकरा पेट्या होत्या. तणमोराचा आवाज टिपण्यासाठी त्या दिवसरात्र चालू असत. दोन वर्षांचं सगळं ध्वनिमुद्रण घरच्या पत्र्याच्या डब्यात कार्डांवर होतं. यात्राने डबा आणून दिला. पेटी उघडली की आधी आपलं नाव, पेटीचा क्रमांक आणि वेळ मोठ्याने सांगायची, हा या कामातला नियम. कालचं कार्ड लावून चार वाजल्यापासून ऐकलं तर बाराव्या मिनिटाला भावाचा आवाज आला: "रेंजर सोळंके, पेटी सात, चार वाजून बारा मिनटं, ढगाळ हाय." पेटी सात देवठाण्यापासून चौदा किलोमीटरवर होती आणि रेंजरकडे होती सायकल.

संध्याकाळच्या आत तारीख ठाण्यात होती. ठाणेदारांनी ते दोनदा ऐकलं, कपाळ खाजवलं आणि सोडायचा कागद लिहिला. माफी कोणी मागितली नाही. पिशवी मात्र मुद्देमालात अडकली ती अडकलीच.

भाऊ सुटला, पण तारीखच्या मनाला काही थारा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती रेंजरच्या कार्डांमागे लागली. संगणक प्रत्येक आवाजासमोर पक्ष्याचं नाव लिही आणि रेंजर ते हाताने तपासून चुका दुरुस्त करी. तक्ता लांबलचक होता. चंडोल, टिटवी, तितर, तितर, होला, तितर. आणि मध्येच एका ओळीत संगणकाने लिहिलेलं तितर खोडून रेंजरने लिहिलं होतं: माय.

ती खो खो हसली. खाली आणखी एक माय. मग आणखी एक. तिने संगणकाला शोधायला लावलं. दोन वर्षांत दोनशे बारा वेळा रेंजरने तितर खोडून माय लिहिलं होतं. प्रत्येक वेळी आधी टिटवी, मग माय, मग मुरमावर टायरांची करकर आणि पळणाऱ्या पावलांचा आवाज. हसता हसता तिचे डोळे भरून आले. दोनशे बारा वेळा! तिच्या आईने दोन वर्षांत एवढ्या वेळा जीव मुठीत धरून धाव घेतली होती, आणि जगाला त्याची खबर नव्हती. एका पक्ष्यांच्या तक्त्यात तेवढी ती नोंदली गेली होती.

मग तिने त्या दिवसांशी ठाण्याच्या डायऱ्या ताडून पाहिल्या. दोनशे नऊ वेळा पोलिसांची जीप. एकदा पाण्याचा टँकर, एकदा लसीकरणाची गाडी, आणि एकदा पुण्याहून आलेली टॅक्सी, जिच्यात स्वतः तारीख होती. माय तिच्याच गाडीला भिऊन पळाली होती, आणि नंतर घरी आल्यावर एका शब्दाने बोलली नव्हती. दोनशे नऊ छाप्यांत चोरीचा माल सापडला होता शून्य वेळा. एकदा एक सायकल जप्त झाली होती, ती रेंजरचीच निघाली.

तारीख उठून खोलीत येरझाऱ्या घालू लागली. हेच तर होतं! या माळावरच्या पळण्यावरून चोरी कळतच नव्हती, कळत होती ती फक्त जीप. टिटवीच्या ओरडण्याला पुरावा मानावं, तसलाच हा प्रकार होता. तिने दाणी मॅडमना फोन लावला. डॉक्टर हेमांगी दाणी तिच्या प्रमुख. निकषमागची सगळी सरकारी लढाई त्यांनी लढली होती.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "भाऊ सुटला ना तुझा?"

"सुटला."

"मग शुक्रवार होऊ दे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"मॅडम, एक तारखेपासून हिरवा दिवा कोर्टात चालणार आहे. माझ्या भावाकडे कार्ड होतं. बाकीच्यांकडे काय आहे?"

"आणि तू शुक्रवारी उभी राहून यंत्र चुकतं म्हणालीस, तर ते फाईल बंद करतील. मग सगळे पुन्हा जुन्या पद्धतीवर. नुसती नजर आणि काठी. ते हवंय तुला?"

मॅडमचं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. निम्मी माणसं वाचवणारं यंत्र तिच्या हातात होतं. फक्त त्या निम्म्यांत तिची माय नव्हती.

शुक्रवारी नागपूरच्या सभागृहात समितीचे नऊ सदस्य, मागे अधिकारी, आणि चाचणीतले पोलीस म्हणून बोलावलेले लव्हाळे, नव्या गणवेशात घामाघूम. तारीख उभी राहिली. दाणी मॅडम पहिल्या रांगेत होत्या आणि तिच्याकडे पाहत नव्हत्या.

"एक प्रसंग दाखवते," ती म्हणाली. "आपण स्वतःला यंत्राच्या जागी धरा आणि समोरचं हिरवं किंवा लाल बटण दाबा."

पडद्यावर मातीची बाहुली उठली, पळाली, वाकून कुंपणातून गेली. अकरा सेकंद. नऊ सदस्यांनी बटणं दाबली. नऊ हिरवे.

"बरोबर. निकषनेही हेच सांगितलं. आता मी घड्याळ चाळीस सेकंद मागे घेते." तिने नोंद मागे सरकवली. "चित्र हवालदारांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं, न कापलेलं मूळ; आवाज माळावरच्या पक्ष्यांच्या पेटीतला."

डांबरी सडक. जीप सडक सोडून मुरमावर वळते. लांबवर सतरा घरं. अंगणात पाळणा, भोवती बायका, कोणीतरी पाळण्यावर वाकलेलं. हसण्याचा आवाज. टिटवी. मग तितर, तीनदा. पाळण्यावरची मान ताडकन वर येते. जीप वेग घेते. सगळे पळतात.

तारीखने बाहुलीवरची माती काढली. रेशमी साडी, अनवाणी पाय, गळ्यात हेलकावणारं सरकारी ओळखपत्र.

समितीतल्या एका निवृत्त न्यायाधीशांनी चष्मा काढला. "डॉक्टर, तुम्ही स्वतः? तुम्ही कशासाठी पळालात?"

तिने उत्तर ठरवून आणलं होतं, चांगलं मुद्देसूद. ते विसरलं. "माझ्या आईने हाक दिली, साहेब," ती म्हणाली. "एवढंच. विचार मी नंतर केला, तुरीत पडल्यावर."

मग तिने दोनशे बारा ओळी दाखवल्या, दोनशे नऊ जीपा दाखवल्या आणि ते शून्य दाखवलं. यंत्र बंद करू नका, असं तिने हात जोडून सांगितलं. पोलीस काय करतो ते आधी मोजा, मग माणूस काय करतो ते. घड्याळ जीपचं चाक सडक सोडतं तिथून सुरू करा. सडक सोडण्याआधी कारण सांगायला लावा. आणि पोलिसाला पाहून पळणं, एवढ्याला काहीही वजन देऊ नका.

"यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं काय मत?" कोणीतरी विचारलं. सगळ्या माना लव्हाळ्यांकडे वळल्या.

लव्हाळे उठले, टोपी काढली, पुन्हा घातली. "सायेब, म्याबी हिरवंच दाबलं असतं," ते म्हणाले. "आम्ही जातो म्हणून थे पळतात. अन् थे पळतात म्हणून आम्ही जातो. सत्तावीस वर्सं झाली, कोणं पयले सुरू केलं थे मले नाही सांगता येत."

राज्यभरची योजना पुढे ढकलली गेली. घड्याळ बदलून तीन महिने त्याच तालुक्यात पुन्हा चाचणी, असं ठरलं. फाईल बंद झाली नाही! परतीच्या प्रवासात दाणी मॅडमनी पिशवीतून संत्रं काढलं, अर्धं तारीखच्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "तो घड्याळाचा भाग कोण लिहिणार आहे? मी? लाग कामाला." तारीखला त्यांच्या गळ्यातच पडावंसं वाटलं. तिने संत्रं खाल्लं.

तीन आठवड्यांनी राहिलेलं बारसं पुन्हा मांडलं. तोच पाळणा, तीच साडी. तारीखने या खेपेला मोबाइलवर शोधून एक गोड संस्कृत नाव आणलं होतं. यात्राने बाळाला पाळण्यात घातलं. आत्या वाकली.

माळावर टिटवी कोकलली.

मायने तीनदा तितराची हाक दिली आणि बेडा पळाला. तारीखही पळाली! घड्याळ तिने स्वतः बदललं होतं, प्रत्येक ओळ तिच्या हातची होती, पण हे तिच्या पायांना कोणी सांगितलं नव्हतं. ती तुरीत पालथी पडली. शेजारी माय पडली. दोघी धापा टाकत पावलांची वाट पाहू लागल्या.

पावलं आली नाहीत. तुरीत वारा होता, कुठेतरी होला घुमत होता.

बऱ्याच वेळाने तारीखने डोकं वर काढलं. जीप लांब सडकेवरच उभी होती, चारही चाकं डांबरावर. हवालदार लव्हाळे खाली उतरून मैलाच्या दगडावर बसले होते आणि त्यांच्या छातीवर लाल दिवा होता. त्यांनी एक पिशवी उंच धरली.

"मी येत नाही!" ते तोंडाशी हात धरून ओरडले. "मले कारण नाही! रेंजरच्या ब्याट्र्या सुटल्या, घेऊन जाय म्हणा!"

तुरीतून एकेक डोकं वर येऊ लागलं. बांधाआडून, बाभळीमागून.

"मांगं कोणीच नाही?" मायने विचारलं. ती अजून पालथीच होती.

"नाही माय. कोणीच नाही."

"मंग आता काय करतेत?"

तारीखला पटकन कळलं नाही. मग कळलं. माय आयुष्यभर पळत आली होती. पळून झाल्यावर कोणी धरायलाच आलं नाही तर पुढे काय करायचं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"आता घरी जायचं," तारीख म्हणाली.

माय उठली. एक पाऊल टाकलं आणि मटकन बसली. "आई गं, गुडघे!" ती कळवळली. तारीखने तिच्या बगलेत हात घातला. वावरातून अंगणापर्यंत यायला मायलेकींना पाव तास लागला. माय वाटेत तीनदा थांबली, एकदा तुरीची शेंग तोडून तिने दाणे चघळले, आणि सगळा वेळ गुडघ्यांच्या नावाने शिव्या देत राहिली. तोवर रेंजर सडकेवर जाऊन पिशवी घेऊन आला होता आणि लव्हाळ्यांसाठी चहा न्यायला दुसरं कोणीतरी निघालं होतं.

पाळण्याशी पोचल्यावर माय खाली टेकली आणि लेकीकडे पाहून म्हणाली, "हं. सांग नाव."

तारीखने मोबाइल पदराखाली ठेवून दिला. ती वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "सावकाश."